पुढे उभं राहून नाचायचं नाही

विशेष मुलांच्या स्नेहसंमेलनांत एक दृश्य जवळपास सगळीकडे दिसतं. रंगमंचावर दहा-बारा मुलं, आणि रंगमंचाच्या खाली, अंधारात, प्रेक्षकांकडे पाठ करून नाचणाऱ्या एक बाई. मुलं त्यांच्याकडे बघून हात वर करतात, त्यांच्याकडे बघूनच गिरकी घेतात. त्या बाईंनी अतोनात मेहनत घेतलेली असते आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण मुलांची नजर पूर्ण वेळ बाईंवर खिळलेली असते. शेजारी कोण नाचतंय, गाणं कुठवर आलंय, समोर आई बसली आहे, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक हालचाल ठेक्याच्या मागे पडते, कारण ती ठेक्यावरून उचललेली नसते, बाईंच्या हातावरून उचललेली असते. आणि ज्या मुलाचा हात मुळात तेवढा वर जातच नाही, तो त्या नाचात पहिल्यापासून शेवटपर्यंत कमीच दिसतो.

म्हणून आमचा गट बांधायला घेतला तेव्हा मी मुख्याध्यापकांसमोर एक अट ठेवली. वर्षाच्या शेवटी जे काही उभं राहील त्यात पुढे उभं राहून कुणी नाचणार नाही. बाजूला लपून कुणी हातवारे करणार नाही, संवाद कुजबुजणार नाही. मुलांना जे स्वतःहून करता येईल तेच दाखवायचं. नाही जमलं तर वर्गातच ठेवायचं, त्यात कमीपणा नाही.

मी गाणं आणि नाटक शिकवते. नागपुरातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांत समावेशित शिक्षणाखाली, म्हणजे नेहमीच्या वर्गांतच शिकायला, आलेली दिव्यांग मुलं आहेत, आणि जवळच्याच एका विशेष शाळेतला मोठ्या मुलांचा गट ठरलेल्या दिवशी आमच्याकडे येतो. नृत्याची बाजू माझी एक मैत्रीण सांभाळते. विशेष शिक्षिका पूर्ण वेळ सोबत असतात, त्यांच्याशिवाय यातलं काही झालं नसतं. मुलांची नावं लिहिणं बरं नाही, म्हणून नाटकातल्या भूमिकांनीच ओळख करून देते. ढोलवाला नववीत आहे, त्याला ऐकू येत नाही. मारबत, म्हणजे गावाची पिडा घेऊन जाणारा मिरवणुकीतला उंच पुतळा, झालेली मुलगी दहावीत, सेरेब्रल पाल्सीमुळे चाकाच्या खुर्चीत बसते. सरपंच सोळा वर्षांचा, त्याला डाऊन सिंड्रोम आहे. दवंडीवाला स्वमग्न. खंजिरीवालीची उजवी बाजू कमजोर आहे. पेटीवर बसणाऱ्या मुलीला अगदी डोळ्यांजवळ धरलेलंही धूसर दिसतं. यांच्याबरोबर आणखी काही मुलं, आणि नेहमीच्या वर्गातली हौसेने आलेली पोट्टी.

‘अभ्यासच मागे पडून राहिला, त्यात हे कशाला?’ हा प्रश्न पालकसभेत आलाच. प्रश्न विचारणाऱ्या वडिलांचा राग मला अजिबात आला नाही. थेरपीच्या फेऱ्या, प्रमाणपत्राच्या फेऱ्या, शिकवणी, या सगळ्यातून माणूस थकून जातो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलेलं आहे, 1995 च्या कायद्यात ते 7 होतं, हे अशा घरांत बहुतेकांना माहीत असतं, कारण यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राच्या, निमित्ताने त्या यादीतून जावंच लागतं. त्याच कायद्याचं कलम 29 मात्र क्वचितच कुणी उघडतं. संस्कृती आणि करमणूक असा त्याचा विषय आहे. नृत्य, कलावर्ग, शिबिरं यांत दिव्यांगांना भाग घेता यावा आणि त्यासाठी कलाविषयांचे अभ्यासक्रम नव्याने आखावेत, हे त्यात सरकारचं काम म्हणून लिहिलं आहे. मी ते कलम सभेत वाचून दाखवलं. आपल्या मुलाला नाचात ‘घेतलं’ म्हणून आभार मानणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. तो आभाराचा विषय नाही, हे आधी पालकांना कळायला हवं होतं.

विदर्भात उन्हामुळे शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुरुवातीचे काही आठवडे आम्ही काहीही बसवलं नाही. नुसतं पाहिलं. कोण कुठल्या आवाजाला मान वळवतं, कोण भिंतीला टेकून बसतं, कोणाचे पाय आपोआप हलतात. या पाहण्यातूनच एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे वर्गातला कूलर. नागपुरात त्या दिवसांत कूलर बंद ठेवणं अवघडच. पण कानाला यंत्र लावणारी जी दोन मुलं गटात आहेत, त्यांच्या यंत्रातून बाईंचा आवाज जसा मोठा होऊन येतो तशी कूलरची घरघरही मोठी होऊन येते. दवंडीवाल्याला तर ती घरघर सहनच व्हायची नाही, तो कानावर हात ठेवून दारात जाऊन उभा राहायचा. त्याला ‘तो बसत नाही, सारखा पळतो’ असा शेरा मिळालेला होता. आम्ही सकाळचा पहिला तास मागून घेतला, कूलर बंद, खिडक्या उघड्या. त्या दिवसापासून तो आत बसायला लागला. अशा मुलांच्या वागण्याला कारण असतं आणि पुष्कळदा ते खोलीतच कुठेतरी असतं.

फळ्याच्या कडेला चित्रांची पट्टी लावली. आधी नमस्काराचं गाणं, मग वाद्यं, मग हालचाल, मग पाणी, मग गोष्ट, मग घरी. एक काम झालं की ते चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचं. हे काम दवंडीवाल्याने स्वतःकडे घेतलं आणि वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही.

वाद्यांचं म्हणाल तर खंजिरीसारखं वाद्य आमच्याकडे आयतं होतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे विदर्भात खंजिरी घरोघर ओळखीची. खंजिरीवालीच्या आजोबांकडेच एक जुनी होती. उजव्या हाताने धरता येत नाही म्हणून आम्ही ती एका स्टँडला पट्ट्याने बांधली, आणि डाव्या हाताने ती वाजवू लागली. खंजिरी हलवून झांजा वाजवण्याची जी गंमत आहे ती तिला हवीच होती, त्यासाठी ती कोपराने स्टँडला धक्का द्यायची. तो धक्का तिचा तिने शोधला. तसा आवाज मी दुसऱ्या कुणाच्या खंजिरीतून ऐकलेला नाही.

पेटीचं गुपित मात्र सगळ्या शिक्षकांना सांगावंसं वाटतं. काळी तीनचा, म्हणजे सप्तकातल्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा, सा धरला तर भूप रागाचे पाचही स्वर, सा रे ग प ध, पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्यांवर येतात. काळ्या पट्ट्या उंच असतात, बोटाला लागतात, डोळ्यांनी शोधाव्या लागत नाहीत. म्हणजे धूसर दिसणाऱ्या मुलीला पट्टीवर स्टिकर चिकटवायची गरज नाही, आणि ज्याला बोट नेमकं टेकवता येत नाही त्याचंही बोट काळ्या पट्टीवरच पडलं की स्वर रागातलाच निघतो. चुकीचा स्वर निघण्याची भीती गेली की मुलं वाजवण्यात रमतात. आमच्या नाटकाची सगळी धून भूपातली आहे, ती त्या मुलीने काळ्या पट्ट्यांवर फिरता फिरता बांधली. मी फक्त भाता धरला होता, कारण दोन्ही हात तिला पट्ट्यांवर हवे होते.

आता ढोल.

ढोलवाल्याला पहिल्यांदा वाद्यांच्या टेबलाजवळ आणलं तेव्हा त्याने घुंगरू उचलून परत ठेवले, टाळ उचलून परत ठेवले. त्याला त्यातून काहीच मिळत नव्हतं. बारीक, उंच आवाज अंगाला जाणवत नाहीत. खालचे, जाड आवाज जाणवतात, पोटात, छातीत, तळपायात. ढोल गळ्यात अडकवून त्याने धूम बाजूवर, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूवर, एक टिपरू हाणलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. शाळेची फरशी सिमेंटची, तिच्यातून काही पोहोचत नाही. मग ओळखीच्या बिछायत केंद्राकडून दोन लाकडी तखत आणून शेजारी शेजारी मांडले. तखत पोकळ असल्याने त्यावर कुणी पाय आपटला की दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याच्या अनवाणी तळव्याला कळतं. ढोलवाला तखतावर, बाकीचे भोवती.

ताल त्याच्याकडे सोपवायचा हा निर्णय झाला तेव्हा शाळेत थोडी कुजबुज झाली. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या ठेक्यावर सगळ्यांनी नाचायचं? पण विचार करा. बाकी कुणीही ढोल वाजवला तर हा एकटा मागे पडणार. त्याने वाजवला तर मागे पडायला कुणी उरतच नाही, कारण बाकीच्यांना त्याचं ऐकू येतं. आठ मात्रांचा केरवा आम्ही अगदी साधा केला, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर भारी ठोका, मध्ये हलकी भर. शिकवताना त्याचा हात धरला नाही. मी ढोलाच्या एका बाजूला तळवा ठेवायचा, त्याने दुसऱ्या बाजूला, आणि मैत्रिणीने चालून दाखवायचं, भारी ठोक्याला उजवा पाय. चाल त्याला दिसते, ठोका त्याला लागतो. दोन्ही जुळले की तो स्वतःच हसायचा.

उत्साहात लय पळायला लागते, हे मात्र ऐकू येणाऱ्या मुलांचंही होतं. तिला कोणी आणि कसं आवरायचं? ते काम मारबतकडे गेलं, आणि त्याचं कारण थोडं सविस्तर सांगते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या पुष्कळ मुलांना अचानक आलेल्या आवाजाने जबर दचकायला होतं. नुसती मान वळण्यावर भागत नाही, हात फेकले जातात, अंग ताठ होतं, आणि ते सैल व्हायला वेळ लागतो. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला हिचं तेच व्हायचं. तिच्या आईने सुचवलं, ‘मॅडम, हिला लांब बसवा नं.’ लांब बसवलं की ती नाटकातून गेलीच. आम्ही दुसरा मार्ग धरला. ढोलवाल्याने टिपरू आधी डोक्यावर उंच न्यायचं, तिथे क्षणभर थांबायचं, सगळ्यांनी श्वास आत घ्यायचा, आणि मगच ठोका. या थांबण्याला आम्ही ‘उचल’ म्हणायला लागलो. ठोका कधी येणार हे आधी दिसलं की तिचं अंग तयार असायचं, दचकणं बरंच कमी झालं. दवंडीवाल्यालाही मोठ्या आवाजाची आगाऊ वर्दी मिळू लागली, तो कानावर हात ठेवायचा तो फक्त उचलीपुरता, मग काढून घ्यायचा. ‘एक, दोन, तीन, चार’ मोजून सुरुवात करायची गरजच उरली नाही. आणि सगळे ढोलवाल्याकडे बघतात म्हटल्यावर ढोलवाल्याने कुणाकडे बघायचं? मारबतकडे. ती ओढणी हळू खाली घेऊ लागली की लय उतरवायची. दोघांत हे इतकं पक्कं झालं की पुढे आम्हाला त्यात लक्ष घालावं लागलं नाही.

नाचाविषयी माझ्या मैत्रिणीचा एक नियम होता: मुलाच्या अंगात जी हालचाल आधीच आहे तिथूनच सुरुवात. खुर्चीतल्या मुलीचा डावा हात चांगला चालतो. खुर्चीचं एकच चाक ढकललं तर खुर्ची सरळ जात नाही, गोल फिरते. तिला रोजच्या वापरात हा त्रासच होता. नाचात तीच तिची गिरकी झाली, आणि अख्खा नाच त्या गोलाभोवती रचला. मागून खुर्ची ढकलायला कुणी नाही. नेहमीच्या वर्गातल्या मुलांना हे पाळणं जड गेलं, त्यांचे हात आपसूक खुर्चीच्या मुठीकडे जायचे. मदत मागितली तरच करायची, हे त्यांना शिकवायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

सरपंचाला कोलांटउडी मारायची होती. सिनेमात पाहिलेली. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींचा सैल असू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय मानेवर भार येईल असं काही करू द्यायचं नसतं. कोलांटउडी नाही, असं म्हटल्यावर तो रुसला. मग फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याला शड्डू ठोकायला शिकवलं. एक गुडघा टेकून मांडीवर थाप, मग दंडावर थाप, छाती पुढे. सरपंच शोभला की नाही ते विचारूच नका.

आणि ही सगळी चौदा ते सतरा वर्षांची मुलं आहेत, हे मी पुन्हा पुन्हा सांगते. त्यांना बालवाडीतली गाणी देऊन टाळ्या वाजवायला लावणं मला अपमान वाटतो. शिकायला वेळ लागणं वेगळं आणि वय कमी असणं वेगळं. मिसरूड फुटलेल्या मुलाला सशाचे कान घालून उभं करायचं नाही. मुलींना पाळी येते, त्या दिवशी ज्यांना बाजूला बसायचं त्या बसतात. नाचात हात धरायचा असेल तर आधी हात पुढे करून थांबायचं, समोरच्याने ठेवला तर धरायचा. बोलून विचारता येत नसेल तरी हे करता येतं. शिक्षकांनाही हाच नियम. शरीराला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे या मुलांना लहानपणापासून कुणी विचारलेलंच नसतं, कपडे घालणारे, उचलणारे, व्यायाम देणारे हात सतत असतात. ‘नको’ म्हणण्याची सवय लागायला नाचाच्या वर्गाइतकी चांगली जागा नाही.

नाटकाचा विषय पोळ्याने आणून दिला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो, पोरं लाकडी बैल सजवून निघतात, आणि त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महालच्या रस्त्यांवरून निघते, सोबत निरनिराळे बडगे, म्हणजे आणखी पुतळे, आणि सगळं गाव ओरडतं, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत!’ रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, ज्याला जे नकोसं झालंय ते मारबतीबरोबर गावाबाहेर पाठवायचं. त्या गर्दीत आणि आवाजात आमच्यातल्या सगळ्यांना नेणं शक्य नव्हतं. आम्ही मिरवणुकीचं चित्रीकरण वर्गात दाखवलं, आधी आवाज बंद करून, मग हळूहळू वाढवत. ढोलवाला मात्र दरवर्षी काकाबरोबर प्रत्यक्ष जातो. त्याने हाताच्या खुणांनी मारबत किती उंच असते ते सांगितलं आणि वर्ग गप्प होऊन बघत राहिला.

मग विचारलं, आपल्या मारबतीने काय घेऊन जायचं?

या प्रश्नावर आम्ही खूप रेंगाळलो. ज्याला बोलता येतं त्याने सांगितलं, ज्याला चित्र जमतं त्याने काढलं, काहींनी चित्रांच्या गठ्ठ्यातून निवडलं. उत्तर यायला वेळ लागतो. विचारून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं आणि तोंड उघडायचं नाही, हे आमच्यात ठरलेलं. सातव्या-आठव्या आकड्याला उत्तर येतं, आणि नेमकं पाचव्याला मोठी माणसं तेच वाक्य स्वतः पूर्ण करून टाकतात. उत्तरं अशी आली: इंजेक्शन. गणिताचा पेपर. रिक्षाचा हॉर्न. ‘दादाच्या लग्नात मला मागे बसवलं ते.’ बंद पडलेली लिफ्ट. खंजिरीवाली म्हणाली, ‘हात बघून लोक विचारून राहिले, काऊन असा झाला, ते घेऊन जा.’ सरपंच बराच वेळ काही बोलला नाही. त्याचे शब्द नीट फुटत नाहीत, आणि समजतं त्यापेक्षा बोलता खूप कमी येतं. मोजणं संपलं तरी आम्ही थांबलो. मग त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘बाळ. बाळ नको.’

घरी, दवाखान्यात, दुकानात, सगळे त्याला बाळ म्हणतात.

संहिता म्हणजे ही यादीच. गावात पिडा वाढल्यात, सरपंच बैठक बोलावतो, दवंडी पिटली जाते, एकेक जण आपली पिडा बडग्याला बांधतो, आणि मारबत ती घेऊन जाते. प्रत्येक पिडेनंतर सगळ्यांचं एकच वाक्य, ‘घेऊन जा गे मारबत!’ एकच वाक्य असण्याचा फायदा असा की ते सगळ्यांना येतं. ज्या दोन मुलांना अजिबात बोलता येत नाही त्यांच्या मांडीवर आवाज साठवणारं मोठं बटण ठेवलं. दाबलं की रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजतं. आवाज त्यांच्याच वयाच्या, नेहमीच्या वर्गातल्या मुलामुलीचा घेतला, माझा नाही.

दवंडीवाल्याची गोष्ट वेगळी. तो ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो, विशेषतः मेट्रोतल्या सूचना. सूर, थांबा, सगळं तंतोतंत. घरच्यांना आणि शाळेला ते बंद करायचं होतं. दवंडी दुसरी काय असते? ठरावीक सुरात, ठरावीक थांब्यांवर म्हटलेली सूचनाच. पहिल्या वाचनालाच तो उभा राहिला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, ‘पुढील स्थानक, मारबत.’ वर्ग खळाळून हसला, तोही हसला. तेच वाक्य नाटकात राहिलं. पुढे त्याने त्यात स्वतः बदल केले, ‘पुढील स्थानक, गणिताचा पेपर’, ‘पुढील स्थानक, लिफ्ट’. ऐकलेल्या साच्यात नवा शब्द बसवणं हे त्याच्यासाठी किती मोठं पाऊल आहे, ते विशेष शिक्षिकांनी त्याच्या आईला समजावून सांगितलं तेव्हा मला कळलं.

सभागृहात प्रयोग करायचा की नाही यावर पुष्कळ खल झाला. आम्ही एक सभागृह पाहून आलो. प्रेक्षकांत जायला रॅम्प होता, रंगमंचावर चढायला फक्त पायऱ्या. दिव्यांगांनी बघायला यावं एवढंच बांधणाऱ्याच्या मनात आलं असावं, त्यांच्यातलं कुणी रंगमंचावर उभं राहील हे आलं नसावं. खुर्चीसकट उचलून नेऊ, असं तिथले लोक प्रेमाने म्हणाले. सगळ्यांदेखत उचलून नेलेली मारबत मला मान्य नव्हती, तिलाही नव्हती. शिवाय लखलखणारे दिवे आमच्याकडे चालत नाहीत, दोघांना फेफऱ्याचा त्रास आहे. विदर्भातलं खडी गंमत हे लोकनाट्य उघड्यावरच होतं, कडेने माणसं उभी, मध्ये खेळ. मिरवणूकही प्रेक्षकांमधूनच जाते. मग मैदान काय वाईट? जानेवारीतली सकाळ ठरली, कोवळं ऊन, जमीन सपाट, आणि कुणाला गलका सोसेना झाला तर बाजूला निंबाच्या झाडाखाली चटई टाकलेली. तिथे जाऊन परत यायला परवानगी मागावी लागणार नाही, हेही नाटकातच धरलेलं.

मारबतीचा सांगाडा बांबूच्या कमच्यांचा, कापड इतवारीतून आणलेलं, पिवळं. सांगाडा खुर्चीला बांधताना खरी काळजी तोलाची. वरचा भार मागे गेला तर खुर्ची उलटते. मंडपवाल्या भाऊंनी तो पुढच्या बाजूला झुकता बांधला, मागे दोन छोटी चाकं जोडली, आणि तिला बसवून, उतरवून, वळवून खात्री केल्याशिवाय गेले नाहीत. ती मैदानावर आली तेव्हा सगळ्यांत उंच तीच होती. आयुष्यभर ती माणसांकडे खालून वर बघत आली आहे.

प्रयोगाबद्दल फार लिहीत नाही. सुरुवातीला नेहमीच्या वर्गातल्या मुलांनी प्रेक्षकांना शिकवलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून पंजे हलवायचे. ते ढोलवाल्याला दिसतं आणि दवंडीवाल्याच्या कानाला लागत नाही. सरपंच बैठकीच्या प्रवेशात अडकला. वाक्य आठवेना. मैदानभर शांतता, त्याचे वडील पहिल्या रांगेत अर्धवट उठलेले. आमच्यापैकी कुणीही ओठ हलवले नाहीत. ढोलवाल्याला काय झालं ते कळलं असावं, त्याने टिपरू वर नेलं, उचल झाली, सगळ्यांनी श्वास घेतला, आणि ठोक्यावर सरपंचाने शड्डू ठोकला. त्यासरशी त्याचं वाक्य आलं. बैठक पुढे चालू. ‘बाळ’ लिहिलेला कागद त्याने स्वतः बडग्याला बांधला, दोरीला दोनदा गाठ मारली, सैल वाटली म्हणून तिसरी मारली, आणि आम्ही सगळे गाठ पूर्ण होईपर्यंत थांबलो.

नंतरची काही कामं चालू आहेत. पेटीवाली गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी करते आहे. तखत शाळेने विकत घेतले. सरपंचाच्या गल्लीत अजूनही काही जण त्याला बाळ म्हणतात, तो थांबून आपलं नाव सांगतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीची दहावी झाली, पुढच्या कॉलेजला रॅम्प आहे का, हे बघायला ती वडिलांबरोबर स्वतः गेली होती.

पुढच्या वर्षीच्या नाटकाचा विषय मुलांनी मतदान करून निवडला आहे: लग्न. वरात, मंगलाष्टका, रुसवा, आणि त्याआधी नवरा-नवरीचं आपसूक जुळणं. काही पालकांना हे पसंत नाही. ‘मॅडम, याच्या डोक्यात हे कशाला भरायचं?’ असं एका आईने डोळ्यांत पाणी आणून विचारलं. तिची भीती खरी आहे. मुलाला पुढे कोण साथ देईल, हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही आणि त्यावर नाटक करणं तिला जखमेवर बोट ठेवल्यासारखं वाटतं. पण विषय त्यांच्या डोक्यात आहेच, आम्ही भरलेला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या बाकी सगळ्या मुलांना या विषयावर गाणी, नाच, नाटक करायला मिळतं, यांनाही मिळायला हवं. शाळा उघडण्याआधी पालकांची बैठक घेणार आहोत, आणि तिथे नाटक कशासाठी हवं ते मी बोलणार नाही, मतदान करणाऱ्या मुलांपैकी तिघं बोलणार आहेत. त्यांना बोलायला लागेल तेवढा वेळ मिळावा म्हणून बैठकीला इतर कुठलाच विषय ठेवलेला नाही.